राब भाजतात, जाळत नाहीत

१

शेलूचं लग्न जेवून परतणारा टेंपो जांभुळटेपच्या खिंडीत आला, तेव्हा उन्हं कलली होती आणि टेपाच्या, म्हणजे गावामागच्या टेकडीच्या, उतारावरून काळा धूर वर चढत होता. टेंपोतल्या बायका एकदम गप्प झाल्या. सोनाबाई तेवढी बोलली.

"कुणाचं तरी जळलं. आपलं नाय ना, तेवढं बघा."

सोनाबाईचं नव्हतं. जळली होती ती पोरांची रोपवाटिका. गावातल्या आणि वरच्या ठाकरवाडीतल्या बारा पोरापोरींनी मिळून मुंबईच्या एका संस्थेकडून छोटं अनुदान मिळवलं होतं. देवराईतलं बी वेचायचं, रोपं करायची आणि पाऊस लागला की बोडक्या टेपावर लावायची, एवढंच काम. गटाची पुढारी ठाकरवाडीची जना. तिनं चारशे रोपं मोजून उभी केली होती आणि उद्या अकरा वाजता संस्थेची बाई ती बघायला येणार होती.

सोनाबाईला ह्या सगळ्याचं पहिल्यापासून वावडं. सत्तरी गाठलेली बाई, शाळा दुसरीपर्यंत, पण जीभ कोयत्याची. "झाडं लावाया अनुदान," ती म्हणायची, "आता श्वास घ्यायाबी अर्ज करा." त्यात गटाची पुढारी लडकूची लेक. लडकू ठाकराशी सोनाबाईचं बारा वर्षं बोलणं बंद होतं. बांधावरच्या तिच्या ऐनाची फांदी त्यानं न विचारता तोडली, तेव्हापासून.

रोपवाटिकेच्या खालच्या अंगाला लडकूचंच खाचर होतं. त्यात त्यानं भाताच्या पेरणीसाठी राब रचून ठेवला होता: खाली शेण, त्यावर पाल्याचे भारे, मग गवत, वरून बारीक माती. तो सगळा काळा झाला होता आणि काळा पट्टा तसाच वर रोपवाटिकेत शिरला होता. गाव सगळं लग्नाला गेलेलं. मागं राहिला होता तो एकटा लडकू. गावकरी धावत गेले तेव्हा तो राखेत उभा होता आणि त्याच्या उजव्या हातावर लालकाळे चट्टे होते.

"ह्यो बघा, हातच भाजलाय," कुणीतरी म्हणालं.

पोलीस पाटील दत्तानं तिथंच वही काढली आणि मोठ्यानं वाचत लिहिलं, "वरच्या बांधावरून राब पेटवला, ठिणगी उडाली, रोपवाटिका जळाली." मग तो म्हणाला, "उद्या धाला देवळात बसू. लडकूचं नाव गावानं दिलं की मी कागद वनखात्याकडं धाडणार. पुढं तो जाणे आणि साहेब जाणे."

जना बापाच्या पुढ्यात येऊन उभी राहिली आणि दत्ताला म्हणाली, "आणि आमचा गट?"

"ज्या बापानं झाडं जाळली त्याच्या लेकीला झाडं राखाया कोण देतंय गं?" दत्ता म्हणाला.

"लडक्या," मग तो लडकूकडं वळला, "दुपारपासनं होतास कुठं?"

लडकूनं सगळ्या गर्दीवरून नजर फिरवली आणि ती बरोबर सोनाबाईवर आणून थांबवली.

"सांगणार नाय," तो म्हणाला.

सोनाबाई घराकडं वळली. वाटेत तिच्या बांधावरचा रायवळ आंबा लागतो. तिनं सवयीनं मान वर केली. शेंड्याच्या दोन्ही फांद्या रिकाम्या होत्या. सकाळी टेंपोत चढताना त्या लगडलेल्या तिनं स्वतः बघितल्या होत्या.

२

सकाळी चहाही न घेता सोनाबाई टेपाकडं निघाली. कुणाला वाचवायला नव्हे. लडकू दोषी आहे हे आपल्या डोळ्यांनी बघून यायचं आणि मग देवळात सगळ्यांच्या आधी बोलायचं, असा तिचा बेत होता.

ती लडकूच्या खाचरात उकिडवी बसली आणि राखेत बोटं घातली. बोटं दोन पेरंसुद्धा आत गेली नाहीत. खाली शेण लागलं. कच्चं, ओलसर, कालचं असावं तसं.

तिनं चार हातांवर जाऊन पुन्हा उकरलं. तिथंही कच्चं. वरचं गवत आणि पाला तेवढा जळून गेला होता.

"आग लागली तुझ्या शेताला," ती स्वतःशीच म्हणाली, आणि मग तिच्या ध्यानात आलं की शिवी चुकीच्या माणसाला जाते आहे.

राब भाजतात. जाळत नाहीत. वारं खालून वर येत असेल तर काडी वरच्या बांधाला लावायची, म्हणजे आग वाऱ्याच्या तोंडाला तोंड देत मुंगीच्या पायानं खाली उतरते. सकाळी लावलेली संध्याकाळी खालच्या बांधाला पोचते आणि माती वीतभर तांबूस भाजून निघते. वाऱ्याच्या बाजूनं लावली तर ती वरच्या वर पळत सुटते आणि खालचं सगळं कच्चं राहतं. मे महिन्यातल्या दुपारी टेपावर वारं कुठून येतं हे बकरीलाही ठाऊक असतं. खालून वर.

म्हणजे काडी खालच्या बांधाला लागली होती. लडकूनं वरून लावली असती, तर आग रोपवाटिकेपासून लांब लांब गेली असती.

लडकू चोर असेल, उद्धट असेल, तिच्या ऐनाचा वैरी असेल. पण चाळीस वर्षांत त्याचा राब कधी कच्चा राहिला नव्हता. हे कबूल करताना सोनाबाईची दाढ दुखायला लागली.

"काय शोधता, आजी? आणखी काय जळायचं राहिलंय का?"

जना वर तारेच्या कुंपणाशी उभी होती. डोळे सुजलेले, आवाज मात्र ताठ.

"तुझ्या बापाचं तोंड," सोनाबाई म्हणाली. "ते उघडलं असतं तर मला एवढं चढावं लागलं नसतं." ती रोपवाटिकेत शिरली. वाफ्यांमधून सगळीकडं राख होती, आणि राखेत मुठीएवढे मातीचे गोळे, रांगेनं. एका गोळ्याला प्लास्टिकचा निळा-पांढरा तुकडा चिकटून होता. "हे काय?"

"दुधाच्या पिशव्या. घरोघरून मागून, धुऊन, त्यातच रोपं केली. तुमच्या घरी आलो तवा तुमी हाकललं होतं."

सोनाबाईनं पहिला वाफा बघितला. गोळे. दुसरा. गोळे. तिसऱ्यात नुसती राख. चौथ्यातही.

"ह्या दोन वाफ्यांत काय होतं?"

"दोनशे रोपं. मोह, कुंभा, हिरडा." जना थांबली. तिलाही दिसलं.

"पाला जळतो, पिशवी जळते," सोनाबाई म्हणाली. "माती जळते काय गं?"

जना गुडघ्यावर बसून राख हातानं बाजूला करत गेली. खाली सपाट जमीन होती. एकही गोळा नाही.

"ही रोपं आगीत गेलीच नायत," सोनाबाई म्हणाली. "आग लागायच्या आधीच कुणीतरी नेलीत. आणि आज ती बाई मोजायला येणार म्हणून बाकीची जाळली. कुंपणाची चावी कुणाकडं असते?"

जनानं हाताची राख झटकली. मग म्हणाली, "दोघांकडं. एक माझ्याकडं. मी परीक्षेला आठ दिवस कर्जतला होते, कालच्या लग्नाला तिकडनंच आले. पाणी घालाया दुसरी चावी..."

"बोल."

"तुमच्या प्रवीणकडं होती."

सोनाबाई उठली. "माझ्या नातवाचं नाव पुन्हा घेशील तर जीभ हातात देईन." आणि ती उतार उतरू लागली, नेहमीपेक्षा जोरात.

३

गावाच्या नाक्यावर चहाच्या टपरीशी किशोर बुलेटवर बसून चहा पीत होता. शिळफाट्याचा प्लॉट-एजंट. ह्या टेपावर बंगले बसवायचं त्याच्या मनात दोन वर्षांपासून होतं.

"वाईट झालं, आजी," तो म्हणाला. "पोरांचा हिरमोड झाला. आता टेप तसाच पडून राहायचा. माझ्याकडं गिऱ्हाईक हाय, बघा."

"तुला कसं कळलं रं?"

"फोन आला. काल दिवसभर शिळफाट्यालाच होतो मी, हाललो नाय."

सोनाबाईनं त्याच्याकडं नीट बघितलं. काल दुपारी शेलूला लग्नाच्या हॉलशेजारी नव्या इमारतींचं मोठं गेट होतं. तिथं हाच किशोर पांढऱ्या शर्टात उभा राहून वॉचमनकडून रोपांच्या रांगेला पाणी घालून घेत होता. तिनं सुनेला कोपरानं ढोसून म्हटलंही होतं, "बघ गं, आधी डोंगर खणतात नि मग दारात झाड लावतात." रोपं पिशव्यांत होती. पिशव्या निळ्या-पांढऱ्या.

"चहा पी," ती म्हणाली. "गार होईल."

घरी सून सुनंदा भाकऱ्या थापत होती आणि प्रवीण पाटावर बसून जेवत होता. तेवीस वर्षांचा, बारावी झालेला, हातपाय धुतल्यासारखे स्वच्छ. सोनाबाईनंच त्याला तसा वाढवला होता. गावातल्या बाकीच्या पोरांनी शेणात हात घालावेत. तिच्या नातवानं घालायचे नाहीत. साहेब होणार होता तो.

"तुमच्या गटाचं वाटोळं झालं की," ती त्याच्यासमोर बसत म्हणाली.

"गट जनाचा, आजी. अर्जावर नाव तिचं, फोटोत पुढं ती. आमी नुसते पाणके."

"तिचा बाप तरी असा कसा, नाय?"

"म्हातारा येडाच हाय." प्रवीणनं भाकरी मोडली. "सगळे लग्नाला गेलेत, वारं सुटलंय, आणि ह्यानं खालच्या बांधावरनं राब जाळला. मग वर जाणार नाय तर काय होणार?"

चुलीपाशी भाकरी फुगली आणि सुनंदानं ती काढली. सोनाबाई नातवाच्या ताटाकडं बघत राहिली. दत्तानं वहीत वरचा बांध लिहिला होता. गावात ज्यानं त्यानं वरचाच बांध म्हटला होता, कारण राब वरूनच लावतात. कालपासून खालचा बांध एकाच माणसाच्या तोंडून आला होता.

"आणखी वाढ गं त्याला," ती सुनेला म्हणाली. मग, सहज विचारल्यासारखं, "काल पंगतीत ह्यो दिसला नाय मला."

"कुठनं दिसणार, आये?" सुनंदा म्हणाली. "मठ्ठ्याला बर्फ आणाया म्हणून मोटारसायकल घेऊन गेला, तो पंगती उठल्यावर आला. आणि बर्फ आणलाच नाय."

"संपला होता बर्फ," प्रवीण म्हणाला.

सोनाबाई उठली आणि वर ठाकरवाडीकडं निघाली.

४

लडकू आपल्या ओट्यावर बसला होता. बारा वर्षांत सोनाबाई पहिल्यांदा त्याच्या अंगणात उभी राहिली. त्यानं बस म्हटलं नाही आणि तिनंही वाट बघितली नाही.

"हात दाव."

"कशाला? कालच गावानं बघितला."

"गावाला डोळे नायत. दाव."

त्यानं दावला नाही. तिनं मनगट धरून ओढलं. काळपट चट्टे मनगटापासून कोपराकडं ओघळत गेले होते, मेणबत्तीचं मेण उतरावं तसे. आणि हातावरचे केस सगळे जागच्या जागी. जाळ लागला तर आधी केस जातात. वर केलेल्या हातावरून ओघळून कातडी जाळणारी एकच गोष्ट मे महिन्यात असते.

"आंब्याचा चीक," सोनाबाई म्हणाली. "झेल्याच्या काठीनं आंबा काढताना देठातनं उडाला. माझ्या झाडाच्या शेंड्यावर बसला होतास तू. म्हणून तुझं तोंड शिवलं."

लडकूनं हात सोडवून घेतला. "शेंड्यावरनं धूर दिसला तवा उतरलो. धावलो. पोचेपतूर सगळं खाक."

"मग सांगितलं का नायस? गाव तुला वनखात्याच्या गाडीत घालाया निघालंय."

"तुझ्यासमोर चोर म्हणून उभा राहण्यापरीस गाडी बरी, सोनाबाय."

सोनाबाईला वाईट वाटलं नाही. तिला राग आला, कारण तिनंही हेच केलं असतं.

"धा वाजता देवळात ये," ती म्हणाली. "आंबेबी घेऊन ये. सगळे. मला गणती म्हायतीय."

५

देवळापुढं सगळं गाव जमलं होतं. संस्थेची बाई, रिया, लवकर येऊन पोचली होती आणि झाडाखालच्या खुर्चीवर वही मांडीवर घेऊन बसली होती. किशोर बुलेटला टेकून उभा होता. प्रवीण पोरांच्यात मागं.

सोनाबाईनं लोक जमायच्या आधीच देवळाच्या अंगणात मधोमध एक ढीग रचून ठेवला होता. हातभर लांब: खाली शेण, वर पाला, गवत, बारीक माती. लोक त्याच्याकडं बघून हसत होते.

दत्तानं वही उघडली. "लडकूच्या नावाला कुणाची हरकत?"

"माझी," सोनाबाई म्हणाली.

हसणं थांबलं.

"म्हणजे ह्याला मी चांगला म्हणते असं नाय. चोरच हाय. लडक्या, गोणी ओत."

लडकूनं सगळ्यांदेखत गोणी उलटी केली. रायवळ आंबे देवळाच्या फरशीवर घरंगळले.

"काल दुपारी हा माझ्या झाडावर होता. हातावर जाळ नाय, चीक हाय. दत्ता, तू लेकरू असताना आंबे चोरलेस, तुझ्या गालावर डाग हाय अजून. ओळख."

दत्तानं लडकूचा हात धरून बघितला, नकळत स्वतःच्या गालाला हात लावला आणि मान हलवली.

"आता दुसरं. राब खालच्या बांधाला लावलाय. जाऊन उकरा, शेण कच्चं हाय. लडकूनं तसा लावला असता तर त्याच्या बापानं सरणावरनं उठून कानफटात दिली असती." म्हाताऱ्या माणसांत कुजबुज झाली. दोघं-तिघं माना डोलवू लागले. "तिसरं. दोन वाफ्यांत मातीचे गोळेच नायत. दोनशे रोपं आधीच गेलीत. शेलूला नव्या इमारतींच्या गेटाशी निळ्या-पांढऱ्या दुधाच्या पिशव्यांत मोह नि कुंभा उभे हायत. कुठली नर्सरी दुधाची पिशवी वापरते, सांगा मला. आणि त्यांना पाणी घालून घेत होता तो माणूस काल दिवसभर शिळफाट्याला होता म्हणे."

किशोरनं बुलेटची किल्ली फिरवली. चहाच्या टपरीवाल्यानं पुढं होऊन ती काढून घेतली आणि खिशात टाकली.

"मला कुणी आणून दिली, मी घेतली," किशोर म्हणाला. "आग मी लावली नाय."

"ते म्हायतीय मला. तू कुळवाड्याच्या घरचा. राब कसा भाजतात ते तुला येतं." सोनाबाईनं काडेपेटी काढली. "हे काम त्याचं, ज्याला येत नाय. प्रवीण. ये इकडं."

गर्दीनं वाट दिली. प्रवीण आला. त्याला काय चाललंय ते अर्धंच कळत होतं आणि अर्ध्याला तो घाबरत होता.

तिनं काडेपेटी त्याच्या हातात दिली. "वारं बघ. आणि हा राब लाव."

त्यानं बोट ओलं करून वर धरलं. वारं कुठून येतंय ते बघितलं, आणि घरातली चूल पेटवावी तसा बरोबर वारं येत होतं त्याच बाजूला उकिडवा बसून त्यानं काडी ओढली.

मग मागून एक म्हातारी म्हणाली, "अरं देवा, ह्याला येत नाय की." काडी त्याच्या बोटांत जळत राहिली. पोळलं तेव्हा त्यानं काडी आणि काडेपेटी दोन्ही टाकली.

"आजी," तो हळूच म्हणाला, "किशोरभाऊनी शेलूला गार्डन सुपरवायझर करतो म्हणलं होतं. मला वाटलं, कोण मोजतंय. मग काल लग्नात जना म्हणली, बाई एकेक पिशवी बघणार."

"आणि लडकूचा राब तयारच होता."

प्रवीणनं पोळलेलं बोट मुठीत धरून मान हलवली.

जना पुढं आली. प्रवीणकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. ती रियाला म्हणाली, "मॅडम, शेलूची दोनशे जिवंत हायत. आजच्या आज परत आणतो. बाकीची पुन्हा करू. गट मोडू नका." रियानं वही मिटली. "चला, आधी शेलूला," ती म्हणाली. टपरीवाल्यानं किल्ली खिशातच ठेवून किशोरला टेंपोत पुढं बसायची खूण केली.

लडकू आंबे गोणीत भरत होता. एक आंबा हातात घेऊन तो थांबला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलला.

"सोनाबाय, गावातली शेंबडी पोरंबी राब भाजतात. तुझ्या नातवाला कुणी शिकवलं नाय व्हय?"

गाव तिच्याकडं बघत होतं. ह्या बाईनं उत्तर दिलं नाही असं जांभुळटेपनं कधी बघितलं नव्हतं.

सोनाबाई वाकली. प्रवीणच्या पायाशी पडलेली काडेपेटी तिनं उचलली, ढिगाला वळसा घालून पलीकडच्या अंगाला गेली आणि काडी लावली. आग दिसली नाही. मातीच्या भेगांतून बारीक धूर निघाला आणि वाऱ्याच्या विरुद्ध, बोटाबोटानं, सरकू लागला.

"नाय शिकवलं," ती म्हणाली.

दत्ताचं पेन वहीवर अडलं होतं. त्यानं एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा प्रवीणकडं.

"थांबलास का?" सोनाबाई म्हणाली. "लिही. काडी लावली त्याचं नाव लिही. आडनाव माझ्या घराचं हाय, नीट अक्षरात लिही."